कमिशनर बर्डी

इंदूकाकूंची आणि माझी पहिली भेट झाली ती मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला. मी नुकतीच आमच्या काउंटीच्या कचेरीत नोकरीला लागले होते. अमेरिकेतली काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हाच म्हणा. हॉलच्या दारात एक ठेंगण्या बाई उभ्या होत्या. काठाची साडी, वर गुडघ्यापर्यंतचा फुगीर कोट आणि पायात बर्फातले बूट. त्यांनी मला कुंकू लावलं, अत्तर लावलं, तिळगूळ दिला आणि आवाज जराही खाली न आणता विचारलं,

"घराला सीवर आहे की सेप्टिक?"

"अपार्टमेंट आहे. सीवर असेल."

"असेल नाही. विचारून सांग मला."

मग वाण दिलं. बाकीच्या बायका प्लास्टिकचे डबे आणि स्टीलच्या वाट्या वाटत होत्या. काकूंच्या पुडीत हिरव्या गोळ्या होत्या. गोळी संडासात टाकायची, पाणी सोडायचं आणि पुढचे काही दिवस अंगणात किंवा मागच्या ओढ्यात हिरवं पाणी फुटतं का ते बघायचं. फुटलं तर सेप्टिकची, म्हणजे मैल्याची, टाकी गळते आहे. एका बाईंनी त्या गोळ्या मिठाईचा रंग समजून जपून ठेवल्या आणि पाडव्याला त्यांची बर्फी केली, अशी कथा मंडळात सांगतात. काकूंनी ती कधी नाकारली नाही.

घरी येऊन मी हात स्वच्छ धुतले आणि या बाईंपासून चार हात लांब राहायचं ठरवलं. सोमवारी ऑफिसात गेले तर माझ्या वरिष्ठांनी सांगितलं, की तू आजपासून कमिशनर बर्डींचं काम बघायचं. काउंटीचे कमिशनर म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेच्या निवडून आलेल्या सदस्यांसारखे. मी कोण बर्डी म्हणून वर बघितलं, तर दारात तोच फुगीर कोट उभा.

बर्ड्यांची बर्डी कशी झाली तेही सांगते. इंदुमती बर्डे हे नाव इथल्या जिभांना पेलेना. कुणीतरी बर्डी म्हटलं, ते चिकटलं. पहिल्या निवडणुकीच्या वेळी एका हौशी कार्यकर्तीने अंगणात लावायच्या पाट्यांवर नावाशेजारी एक गुबगुबीत पक्षी काढला. बर्डेकाका, म्हणजे काकूंचे यजमान, जरा दुखावले. आडनावाची ही काय थट्टा, म्हणाले. काकूंना मात्र त्यात गैर काहीच दिसलं नाही. "अहो, आपल्याकडे नाही का चिन्ह असायचं? बैलजोडी, झोपडी, तसं. यांच्याकडे ती सोयच नाही. आपल्याला फुकट मिळालं." त्या निवडून आल्या. एक म्हातारे गृहस्थ तर पक्षी-संरक्षणवाल्या बाई समजून मत देऊन गेले होते. काकूंनी त्यांना निराश केलं नाही, घरी बोलावून चहा पाजला आणि त्यांची टाकी बघून आल्या.

हा टाकीचा ध्यास कुठून आला, तर नोकरीतून. काकू आयुष्यभर आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासत होत्या. आमच्याकडे शहराबाहेरच्या घरांना गटाराची जोडणी नसते. मैला अंगणात पुरलेल्या टाकीत जातो, तिथून पाणी जमिनीत मुरतं, आणि त्याच अंगणातल्या विहिरीचं पाणी घरची माणसं पितात. टाकी फुटली की काय होतं ते वेगळं सांगायला नको. लोक बाटल्या घेऊन यायचे, काकूंना त्यात नको ते दिसायचं, त्या रिपोर्ट लिहायच्या. पण जाऊन टाकी उघडा असं म्हणायचा अधिकार त्यांना नव्हता. काही काउंट्यांनी आपापले नियम केले होते, काहींनी नाही, आणि सगळ्या राज्याला लागू असा कायदाच नव्हता. निवृत्त झाल्या त्या दिवशी केक कापून झाल्यावर काकू म्हणाल्या, "आता रिपोर्ट पुरे. आता कायदा."

त्यांच्या घरी जेवायला गेलं की हा विषय टळत नसे. त्यांची मुलगी मीरा इथेच जन्मलेली, टेक्सासात फ्रिस्कोला राहायची. सुट्टीला आली की ती ताटावरून ओरडायची, "आई, प्लीज! वी आर ईटिंग!" काकू शांतपणे आमटी वाढत म्हणायच्या, "वाहून गेलं म्हणजे संपलं असं नसतं गं. कुठेतरी जातंच ना ते." बर्डेकाका मान खाली घालून भात कालवत राहायचे. त्यांनी आयुष्यभर मोटारीच्या कारखान्यात काम केलेलं; आवाजाची त्यांना सवय होती.

आता हा कायदा व्हायचा कसा? कायदा होतो राज्याच्या राजधानीत, लॅन्सिंगला. पण त्याची कणीक आधी दुसरीकडेच मळली जाते. राज्यातल्या सगळ्या काउंट्यांची मिळून एक संघटना आहे. तिच्या समित्या असतात: रस्त्यांची, करांची, आरोग्याची, पर्यावरणाची. वेगवेगळ्या काउंट्यांचे कमिशनर त्यात बसतात, ठराव मांडतात, भांडतात, मतं देतात. समितीने मंजूर केलेला ठराव हा मग सगळ्या संघटनेचा ठराव होतो आणि तो घेऊन आमदारांकडे जायचं. एकट्या काउंटीला लॅन्सिंगमध्ये कुणी विचारत नाही. सगळ्या एकत्र आल्या की आमदार खुर्ची देतात.

काकूंनी खटपट करून पर्यावरण समितीत जागा मिळवली. ठराव लिहिला: राज्यातल्या प्रत्येक टाकीची ठरावीक काळाने तपासणी व्हावी. मी त्याला व्याकरण आणि तळटीपा लावल्या. विरोध होणार हे ठाऊक होतं. समितीत डेल नावाचे एक शेतकरी कमिशनर होते. आमच्या राज्याचा नकाशा हाताच्या पंजासारखा आहे, आणि इथे कुणीही कुठे राहतो हे पंजावर बोट ठेवूनच सांगतो. डेल अंगठ्यातले. बीटची शेती, सहा फूट उंची, आणि बोलणं असं की शब्दाला कर द्यावा लागतो. शहरवाल्यांनी खेड्यातल्या माणसाच्या अंगणात नाक खुपसू नये, एवढं एकच त्यांचं म्हणणं असे, आणि निम्मी समिती त्यांच्या मागे असे.

सभा एका हॉटेलच्या खोलीत होती. मी भिंतीकडेच्या खुर्चीत होते. काकू उठल्या, कोटाची बटणं लावली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अध्यक्ष महाराज, हा ठराव टेबल करावा अशी मी सूचना मांडते."

वाक्य पुरं होतंय न होतंय तोच डेल म्हणाले, "अनुमोदन!"

मी चकित झाले. अध्यक्षांनीही भुवया उंचावल्या, पण मत घेतलं. सगळे एका सुरात हो म्हणाले. एकही विरोध नाही, चर्चा नाही, काही नाही. डेल चक्क काकूंकडे बघून हसले. मी भिंतीकडून टाळ्या वाजवल्या.

परतीच्या वाटेवर आम्ही आइस्क्रीम खाल्लं, तेही बाहेर बर्फ पडत असताना. काकूंनी काकांना फोन करून शिरा करायला सांगितला. "बघ वर्षा," त्या म्हणाल्या, "उगाच आपण लोकांबद्दल वाईट बोलतो. तो डेल बघ. किती उत्साहाने अनुमोदन दिलं!"

दुसऱ्या दिवशी संघटनेच्या कचेरीतून इतिवृत्त आलं आणि आमचे डोळे उघडले. काकूंचे वडील होते जिल्हा परिषदेचे सदस्य. त्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेलं, की प्रस्ताव सभागृहाच्या पटलावर ठेवला. पटलावर ठेवला म्हणजे मांडला. तेच त्यांनी इंग्रजीत केलं, आणि साहेबाच्या इंग्रजीत ते बरोबरही आहे. अमेरिकेत मात्र टेबल करणं म्हणजे बाजूला ठेवणं, आपल्या भाषेत बासनात गुंडाळणं. आणि अशा सूचनेवर चर्चाही होत नसते. काकूंनी भर सभेत उठून आपलाच ठराव मारा म्हणून विनंती केली होती, आणि सभेने ती आनंदाने मान्य केली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मीही सांगलीची, त्याच इंग्रजीवर वाढलेली. ॲन आर्बरच्या विद्यापीठाची पदवी भिंतीवर आणि टाळ्या वाजवणारी मी.

काकू आधी हसल्या. हसता हसता डोळे पुसले, मग खुर्चीत बसल्या आणि कॅलेंडर पुढे ओढलं.  त्या वर्षीची समितीची विषयांची यादी संपली होती. आता थेट पुढच्या वर्षी. आणि पुढचं वर्ष हे त्यांचं शेवटचं होतं, कारण काकांचे गुडघे गेले होते, मीराला जुळं व्हायचं होतं आणि घर विकून फ्रिस्कोला जायचं ठरलं होतं. त्यांच्यानंतर हा घाणेरडा विषय हातात घेणारं समितीत दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे एकच संधी उरली होती, आणि घोडं पेंड खात होतं ते डेलपाशी.

"चल, त्याच्याकडे जाऊन येऊ," काकू एकदम म्हणाल्या.

"कुणाकडे?"

"डेलकडे. एवढ्या तातडीने मदतीला धावून आला बिचारा. आभार नको का मानायला?"

मार्चमध्ये गेलो. बर्फ वितळून सगळीकडे चिखल. बर्फात आणि चिखलात काकू गाडी चालवत नसत. ते काम माझं. काकूंनी शंकरपाळ्यांचा डबा घेतला होता. डेल शेडमध्ये ट्रॅक्टरखाली होते. काकूंना बघून बाहेर आले आणि दारातच म्हणाले, "मी मत बदलणार नाही."

"ते राहू दे. शंकरपाळे खा."

डेलनी एक खाल्ला, मग मूठभर. मग त्यांनी आपलं म्हणणं सांगितलं, आणि माझ्या माहितीत ते त्यांचं सर्वांत लांब भाषण होतं. पलीकडच्या घरात त्यांची आई एकटी राहायची. ऐंशी कधीच ओलांडलेली. उद्या कायदा झाला, कुणी पोरगा कागद घेऊन आला, त्याने टाकी नापास केली आणि दारावर राहायला बंदीची लाल चिठ्ठी लावली, तर आई कुठे जाणार? त्या घरात ती लग्न होऊन आली होती.

 काकूंनी सरळ सांगून टाकलं. "याचा मी विचारच केला नव्हता," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "टाकी बघू या?"

डेल त्यांच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे पुढारी आले होते, पत्रकार आले होते, कुणी शेत बघायला मागे, कुणी गाई. टाकी मागणारं हे पहिलंच पाहुणं.

पण टाकी होती कुठे? ती डेलच्या वडिलांनी पुरली होती आणि ते जाऊन खूप वर्षं झाली होती. डेल लोखंडी सळई घेऊन अंगणभर जमीन टोचत फिरले. म्हातारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हातवारे करत होती. काकूंनी अंगणावर एक नजर टाकली आणि कुंपणाशी असलेल्या लायलॅकच्या, त्या जांभळ्या फुलांच्या, झुडपाकडे बोट दाखवलं. बाकीची झुडपं कमरेएवढी होती आणि हे एकटं छपराला लागलं होतं. "एवढं खतपाणी याला कुठून मिळतंय?" त्या म्हणाल्या. सळई तिथे टोचली आणि ठण्ण आवाज आला.

झाकण उघडल्यावर मी वाऱ्याची दिशा बघून शेडच्या मागे गेले. काकू मात्र वाकून, टॉर्च लावून, भात शिजला का बघावं तशा आत बघत होत्या. टाकी संपली होती, आणि विहीर होती तिच्या उताराला. काकूंनी म्हातारीच्या नळाचं पाणी बाटलीत भरून घेतलं. रिपोर्ट यायचा तोच आला. डेलला फोन त्यांनी स्वतः केला. विहिरीत मैला उतरतोय, असं सरळ सांगितलं. मग डेल म्हणाले, "मी लहानपणापासून तेच पाणी प्यायलोय."

त्यांनी आईला बाटल्यांचं पाणी आणून दिलं. टाकी बदलायला मात्र म्हातारी तयार होईना. नवऱ्याने लावलेलं लायलॅक उपटावं लागेल म्हणून. मी गेल्यावर काय खणायचं ते खणा, म्हणाली.

काकूंनी ठराव नव्याने लिहायला घेतला. म्हाताऱ्या माणसाच्या दारावर चिठ्ठी लागणार नाही. आधी राज्याने दुरुस्तीला मदत करायची, नोटीस त्यानंतर. आम्ही तो मसुदा डेलना पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: "सरकार वाक्याचा पहिला अर्धा भाग विसरतं." दुसऱ्या कुणाला याचा राग आला असता. काकूंना ते इतकं आवडलं की त्यांनी ते ऑफिसात येईल त्याला ऐकवलं, आणि मला सांगून त्या एका वाक्याची तीन वाक्यं करून घेतली. मदतीचं वेगळं, नोटिशीचं वेगळं, आणि मदत झाल्याशिवाय दुसरं वाक्य लागूच होणार नाही असं तिसरं. ते वर्षभर काकू अंगठ्यात आणि करंगळीत, म्हणजे राज्याच्या पार टोकापर्यंत, माणसं भेटत फिरल्या. सभेत काही होत नसतं, जे होतं ते सभेच्या आधी नाश्त्याला होतं, हे त्यांना आता कळलं होतं. माझ्या गाडीत शंकरपाळ्यांचा चुरा अजून सापडतो. त्या वर्षी मी वैतागले, कुरकुरले, रविवार गेले म्हणून रडले. आणि आज विचाराल तर नोकरीतलं तेवढंच एक वर्ष मला पुन्हा जगायला आवडेल.

शेवटची सभा आली. काकूंनी या वेळी वाक्य पाठ केलं होतं. "हा ठराव मंजूर करावा अशी मी सूचना मांडते," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

कुणी अनुमोदन देईना. नाश्त्याला हो म्हणालेली माणसं आता कागद चाळत होती. एकमेकांच्या आधी कुणालाच तोंड उघडायचं नव्हतं. अनुमोदन नाही तर चर्चा नाही, मत नाही. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. काकूंचे हात कोटाच्या खिशात होते आणि चेहरा उतरायला लागला होता.

"अनुमोदन," डेल म्हणाले.

सगळे वळले. डेल पुढे म्हणाले, "मी विरोधात मत देणार आहे. पण चर्चा झाली पाहिजे. या बाईंनी ती कमावली आहे."

चर्चा झाली, चांगली जेवणापर्यंत चालली. डेल विरोधात बोलले, विरोधात मत दिलं, आणि ठराव काठावर मंजूर झाला. काकूंनी बाहेर येऊन पहिला हात मिळवला तो डेलशी. मग माझ्या गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "वर्षा, तो आता आपल्या बाजूचा झाला."

"काकू, त्याने विरोधात मत दिलं!"

"तेच तर. तो मोजून विरोध करतो. असा माणूस हरल्यावर पळून जात नाही."

डिसेंबरात त्यांचं घर विकलं गेलं आणि बर्डे मंडळी फ्रिस्कोला गेली. ठराव वर्षभर संघटनेच्या कचेरीतून आमदारांच्या कचेरीत गेला, त्याचं विधेयक झालं आणि विधानसभेच्या समितीपुढे सुनावणी लागली. संघटनेच्या वतीने बोलायचा मान पर्यावरण समितीच्या अध्यक्षाचा. आणि अध्यक्षपदाची पाळी त्या वर्षी आली होती डेलची.

मी काकूंना फोन केला. त्यांनी लगेच तिकीट काढलं. नागरिक म्हणून त्यांनाही बोलता येणार होतं, आणि विमानात भाषण पाठ करत आल्या होत्या. लॅन्सिंगच्या त्या उंच छताच्या खोलीत आम्ही मागच्या रांगेत बसलो. डेल कोट-टाय घालून आले होते; टाय त्यांना टोचत होता. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. डेलनी नुसतं खांदे उडवून संघटनेचं म्हणणं वाचलं असतं, तरी विधेयक तिथेच आटोपलं असतं. आमदारांना ते कळतं.

त्यांनी वाचलं. सपाट आवाजात, प्रत्येक शब्द. एका आमदाराने चष्म्यावरून विचारलं, "कमिशनर, तुम्ही स्वतः याच्या बाजूने मत दिलं होतं का?"

"नाही. विरोधात दिलं होतं."

खोलीत हसू पसरलं. डेल हसले नाहीत.

"मला भीती होती की तुम्ही माझ्या आईला घराबाहेर काढाल. अजून आहे. म्हणून मदत आधी हे वाक्य पहिलं ठेवलंय. ते काढलंत तर मी पुन्हा इथे येईन आणि विरोधात बोलेन. पण माझी आई कित्येक वर्षं घाण पाणी पीत होती आणि मला माहीत नव्हतं. मला ते कुणी सांगायला हवं होतं. आम्ही मत घेतलं, मी हरलो. आता हा ठराव माझा आहे."

पुढचं नाव काकूंचं पुकारलं. त्या ताठ चालत माइकपाशी गेल्या. नाव सांगितलं. विधानसभेच्या समितीच्या अध्यक्षांनी, आपण कुणाच्या वतीने बोलणार, असं विचारलं. काकूंनी तोंड उघडलं, डेलकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटलं.

"त्यांनी सगळं सांगितलं आहे," त्या म्हणाल्या. "माझं याहून वेगळं काही नाही."

आणि परत येऊन बसल्या. माझे डोळे भरून आले. त्यांचे कोरडे होते, पण नाक लाल झालं होतं.

समितीने विधेयक पुढे पाठवलं. पुढे म्हणजे पूर्ण सभागृह, मग सिनेट, मग गव्हर्नर. कायदा अजून झालेला नाही आणि होईल तेव्हा होईल. आम्ही बाहेर रस्त्यावर आलो तेव्हा डेल टाय सोडत ट्रकपाशी उभे होते. त्यांनी नेहमीप्रमाणे मोजकेच शब्द खर्च केले.

"आई तयार झाली. झुडूप अलगद काढून विहिरीपलीकडे लावलंय. आज टाकी उकरतायत. बघायला येता?"

काकूंचा चेहरा असा उजळला की जणू कुणी घरच्या लग्नाचं आमंत्रण दिलंय. त्यांचं फ्रिस्कोचं विमान संध्याकाळचं होतं, अंगठा दोन तासांवर होता. मी घड्याळ पुढे केलं, पण तोवर डेलनी एक बादली पालथी घालून पायरी केली होती आणि काकू त्या उंच ट्रकमध्ये चढतही होत्या, एक हात डेलच्या खांद्यावर आणि एक हात कोट सावरायला.

"काकू, फ्लाइट!"

ट्रक सुरू झाला. खिडकीची काच खाली आली.

"कॅन्सल कर गं ते!" काकू ओरडल्या, आणि डेलना हाताने पुढे, पुढे असं खुणावत निघून गेल्या.